आधी बोटांना कळतं

आईचा तंबोरा दोन वर्षं मुका होता. तारा बदलून झाल्या, खुंट्या घट्ट करून झाल्या, पण तार छेडली की फळीवर टिचकी मारल्यासारखा कोरडा आवाज यायचा. शेवटी मी तो गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवून मिरजेला नेला. भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसून एका वयस्कर कारागिराने त्याची जवारी काढली, म्हणजे तारांखालची पट्टी घासून आवाज पुन्हा खुला केला. ते दोन तास मी त्यांच्यासमोरून हलले नाही.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. हाडाची किंवा लाकडाची ही पट्टी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला फार मंद बाक असतो, इतका मंद की नजरेला सहसा कळत नाही. कंप पावणारी तार त्या बाकाला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. बाक बरोबर असेल आणि दोरा नेमक्या जागी आला, तर आवाज एकदम फुलतो. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

त्या कारागीर चाचांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, कानशीचे दोन हात मारले, काचकागद फिरवला, तारा पुन्हा चढवल्या, छेडल्या, मान हलवली. पुन्हा सैल, पुन्हा कानस. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवलं नाही. किती घासायचं हे कसं ठरवता? ते म्हणाले, "बघून काय कळणार ताई, ऐका." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "कान सांगतो अजून थोडं, आणि हात सांगतो आता बास." कानाचं आणि हाताचं पटलं तेव्हाच ते थांबले.

या दोन तासांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते असं. आपण नवनिर्मितीचा सगळा मान डोक्याला देतो आणि शरीराला त्याचं हमाल समजतो. डोक्याने ठरवायचं, हाताने उचलायचं. ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्या शाळांच्या रचनेत इतकी खोल मुरली आहे की आपण दरवर्षी लाखो मुलांची नवं घडवण्याची ताकद कोवळ्या वयातच मारून टाकतो. दहा-बारा वर्षं मुलाला बाकावर जखडायचं आणि तो विसाव्या वर्षी कॉलेजात आला की त्याच्यासाठी इनोव्हेशन सेंटर उघडायचं, हा उलटा कारभार आहे.

जवारीचंच पुढे पाहू. तार छेडताना जिथे बोट लागतं, तिथे ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वराचा, निस्पंद बिंदू (न हलणारी जागा) असेल तो उपस्वर उमटू नये, असा तारांच्या कंपनाचा जुना नियम युरोपात मांडला गेला होता. कोलकात्यात काम करणाऱ्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वीणा आणि तंबोरा घेऊन ते तपासलं आणि 1921 मध्ये लिहिलं की ही वाद्यं हा नियम जुमानत नाहीत. जे उपस्वर यायला नकोत ते जोरात येतात, आणि त्याचं कारण त्या बाकदार घोडीत आहे. त्याच्या आधी तबला आणि मृदंगाबद्दलही त्यांनी असंच दाखवलं होतं. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नगारा गर्जतो पण सुरात बोलत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते. लोखंडाचा कीस आणि खळ यांची ती काळी चकती थरावर थर देत, दगडाने घोटत चढवतात. तिच्या वजनामुळे ते बेसूर उपस्वर ओढले जाऊन सुरेल प्रमाणात बसतात. 1920 साली हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

रामन यांची थोरवी मी वर्गात दरवर्षी सांगते. पण त्यांनी उलगडलं ते आधी कुणीतरी केलं होतं. शाईचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ हवा, हे ज्याने ठरवलं त्याच्याकडे समीकरण नव्हतं. त्याच्याकडे घोटायचा दगड होता, कान होता आणि बिघडलेल्या शेकडो पुड्या होत्या. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले तेव्हा ते शिकलगार होते, तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यातले. संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि पात्याची धार अंगठ्याने जोखणारा हात घोडीच्या बाकाकडे वळला. पात्याच्या कडेचा सूक्ष्म बाक ज्या हाताला कळतो, त्याला घोडीचा बाक परका वाटला नसेल, असं मला चाचांचा हात पाहताना सारखं वाटत होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण त्यात जे ज्ञान आहे, त्याला ज्ञान म्हणायला आपली विद्यापीठं अजून तयार नाहीत. आम्ही त्याला 'कौशल्य' म्हणतो आणि एक पायरी खाली बसवतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ही पारंपरिक वाद्यांची गोष्ट झाली, आधुनिक शोध डोक्यानेच लागतात. म्हणून जयपूरला जाऊ. साठच्या दशकात तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाय तुटलेल्यांना जे कृत्रिम पाऊल मिळे ते परदेशी घडणीचं होतं. ते बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेलं. शेतकरी ते लावून घरी जाई, चार दिवसांनी कोपऱ्यात ठेवून देई आणि पुन्हा कुबड्या घेई. कारण ते लावून उकिडवं बसता येत नव्हतं, जेवायला मांडी घालता येत नव्हती, चिखलात बूट रुतत होता. डॉ. प्रमोद करण सेठी यांना पायाची शरीररचना आणि चालण्याचं शास्त्र माहीत होतं. रामचंद्र शर्मा हे तिथे काम करणारे कारागीर, शाळेत फार न शिकलेले, पण लाकूड, धातू, रबर यांचा स्वभाव हाताने ओळखणारे. टायरवर रबर चढवून ते भट्टीत पक्कं करण्याची जी पद्धत रस्त्याकडेच्या दुकानांत चालते, ती त्यांनी पावलाला लावली. आत स्पंजासारखं रबर आणि लाकूड, बाहेरून टायरचं मजबूत रबर, आणि आकार अनवाणी पावलाचा. रुग्ण चालून पाहत, मोडलेलं परत आणत, कुठे टोचतं ते दाखवत. पाऊल असं सुधारत गेलं. पुढे मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर भरतनाट्यम नाचल्या.

परदेशातला अभियंता हुशार नव्हता असं नाही. तो मांडी घालून जेवला नव्हता, एवढंच. उकिडवं बसताना घोट्याला किती वाकावं लागतं, ते त्याच्या शरीराला कधी विचारलंच गेलं नव्हतं. 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला आणि तो योग्यच होता. पण रामचंद्र शर्मांचं नाव आज किती इंजिनिअरिंग कॉलेजांत घेतलं जातं? मी माझ्या ओळखीच्या अकरा प्राध्यापकांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं.

शरीर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दंड-बैठका येतात. मला ताकद अभिप्रेत नाही, धडधाकटपणाही नाही. फ्रान्समधल्या लुई ब्रेलची दृष्टी लहानपणी गेली ती वडिलांच्या कारखान्यात. ते घोड्यांची खोगिरं शिवत, आणि चामडं टोचायच्या आरीने लुईच्या डोळ्याला इजा झाली. पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्या हाती शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने तयार केलेली उठावदार ठिपक्यांची लिपी आली. त्यात एका खुणेत 12 ठिपके मावत. कागदावर ती लिपी तर्कशुद्ध होती. पण बोटाचं टोक 12 ठिपके एका स्पर्शात पकडू शकत नाही. बोट वरखाली फिरवावं लागतं आणि तोवर आधीचं विसरतं. हे डोळस बार्बिएला सुचणं कठीण होतं. ब्रेलने ते 6 ठिपक्यांवर आणलं, बोटाखाली एका वेळी मावेल इतकं. 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी. आज जगभर अंध माणसं वाचतात ती लिपी एका मुलाच्या बोटाच्या पेराएवढी आहे.

आपल्याकडचं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासते असं म्हणत शेतकऱ्यांनी सुरुवातीला तो घेतला नाही. पण डोळ्यांच्या उणिवेने त्यांना रंगांतून काढून आकाराकडे, कोनाकडे, भाराकडे नेलं हे विसरता येत नाही. शरीर वाट अडवतं तेव्हाही ते वाट दाखवतच असतं.

स्टीफन हॉकिंग यांचं नाव इथे कुणीतरी हमखास काढेल. हालचाल जवळजवळ पूर्ण थांबलेला माणूस कृष्णविवरांवर काम करतो, मग शरीराचा संबंध काय? हा प्रश्न मी खूप दिवस मनात घोळवला आहे. हॉकिंग यांना समीकरणं हाताने लिहिता येईनाशी झाली तेव्हा त्यांनी विचार करण्याची पद्धत बदलली आणि ते आकृतींमधून, भूमितीतून विचार करू लागले. हात गेला तर विचाराचा घाट बदलला, म्हणजे हात त्या विचारात होताच. आणि आइनस्टाइन यांनी गणितज्ञ जाक हादामार यांना पत्रातून कळवलं होतं की आपल्या विचारात शब्दांना फारसं स्थान नाही, त्यातले घटक दृश्य असतात आणि काही स्नायूंच्या जातीचे. ज्या माणसाला आपण निव्वळ बुद्धीचं प्रतीक करून भिंतीवर टांगलं आहे, तो स्नायूंबद्दल बोलत होता.

आता आपल्या घरात येऊ. हाताचं ज्ञान खालचं आणि पोथीचं ज्ञान वरचं, ही उतरंड आपल्याकडे केवळ शिक्षणतज्ज्ञांच्या अज्ञानातून आलेली नाही. ती जातीतून आली आहे. जातिव्यवस्था ही फक्त श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्येच सांगितलं. चामडं कमावणारा, लोखंड तापवणारा, माती मळणारा, यांच्या हातात जे शास्त्र होतं ते लिहायची अक्षरं त्यांच्यापासून तोडली गेली, आणि ज्यांच्याकडे अक्षरं होती त्यांनी त्या कामाला स्पर्शही केला नाही. दोन्हीकडचं ज्ञान लंगडं राहिलं. तबल्याचं चामडं आणि रामन यांचं समीकरण शेकडो वर्षं एका खोलीत येऊ शकलं नाही, याची किंमत या देशाने मोजली आहे. आपण शून्य दिलं हे अभिमानाने सांगतो. चरख्याच्या, मागाच्या, भट्टीच्या देशात यंत्रयुग का सुरू झालं नाही, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण उत्तराचा एक तुकडा इथे नक्की आहे.

म्हणूनच शाळेत हाताचं काम आणा असं कुणी म्हणालं की दलित-बहुजन पालकांच्या मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. गांधीजींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला परिषद भरवली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची नई तालीम उभी राहिली. तिच्यावर तेव्हापासून आरोप आहे की गरिबाच्या मुलाला पुन्हा बापाच्या धंद्याला जुंपण्याची ही वाट आहे. ज्याच्या तीन पिढ्या हातानेच राबल्या त्याला शाळेतही टिकाव-फावडं दाखवलं तर तो का ऐकून घेईल? त्याला लेखणी हवी आहे आणि ती त्याचा हक्क आहे.

माझं उत्तर एवढंच की हाताचं काम काही मुलांसाठी आणि डोक्याचं काम काही मुलांसाठी, ही वाटणी जोवर आहे तोवर ती शंका खरीच ठरेल. आज काय होतं? दहावीला कमी गुण मिळाले की आयटीआय, जास्त मिळाले की विज्ञान शाखा. म्हणजे कारखाना ही शिक्षाच झाली. डॉक्टरच्या मुलीने करवत धरली, वकिलाच्या मुलाने शिवण घातली, गवंड्याच्या मुलीने ओळंबा लावता लावता त्याचं गणित मांडलं, आणि हे सगळं एकाच वर्गात, एकाच गुणपत्रिकेवर आलं, तरच ही उतरंड हलेल.

तसं कागदावर हे सगळं आहे. कोठारी आयोगाने 1964 ते 66 मध्ये कार्यानुभव सुचवला. नंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य आलं. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवले, त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जावं म्हणून. दहा दिवस! सुताराला लाकडाची रेषा कळायला किती रंधे मारावे लागतात, हे धोरण लिहिणाऱ्यांनी एकदा विचारायला हवं होतं.

कार्यानुभवाचं प्रत्यक्षात काय होतं ते आई म्हणून मी पाहिलं आहे. माझ्या मुलीच्या शाळेत त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकला जायचा. वर्षाअखेरीस वहीबरोबर एक वस्तू द्यायची असे. आदल्या रात्री आम्ही बाजारातून तोरण आणलं, त्यावरची किमतीची चिठ्ठी मीच नखाने खरवडून काढली, आणि तिला अ श्रेणी मिळाली. सगळ्यांनाच मिळाली. ती आज सत्तावीस वर्षांची आहे आणि टाका घालताना सुईत दोरा ओवायला मला फोन करून विचारते, याचं मला हसू येत नाही. मी तिचं काहीतरी हिरावून घेतलं असं वाटतं. आणखी एका शाळेत मी परीक्षक म्हणून गेले तेव्हा नवा कोरा प्रयोगकक्ष कुलूप उघडून दाखवला गेला. त्रिमितीय छपाईचं यंत्र प्लास्टिकच्या आवरणासकट टेबलावर होतं. मुलांनी हात लावला तर बिघडेल, असं मुख्याध्यापकांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं.

याउलट पाबळ बघा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं हे गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वरच्या जागेवर असलेले शास्त्रज्ञ. ते 1983 मध्ये सगळं सोडून इथे आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक पूर्ण दिवस काम करतात. वेल्डिंग आणि बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य, असं चारही अंगांनी. वैशिष्ट्य हे की काम खोटं नसतं. गावातल्या कुणाला खरंच फाटक हवं असतं, कुणाला मातीची तपासणी करून हवी असते. फाटक वाकडं झालं तर ते बसत नाही, आणि ते बसलं नाही हे सांगायला परीक्षक लागत नाही. काटकोन म्हणजे काय, ते तिथल्या मुलाला लोखंड सांगतं. बाकीच्या शाळांत ते मीच फळ्यावर सांगते आणि मुलं मान डोलावतात.

हा प्रयोग चाळीस वर्षं चालू आहे, अनेक शाळांनी तो स्वीकारलाही आहे. तरीही तो राज्याच्या मुख्य प्रवाहात आला नाही, कारण तो गुणवत्ता यादीत दिसत नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेत, शहरातल्या महागड्या शाळांसकट, पाचवीपासून आठवड्याचा एक पूर्ण दिवस खऱ्या कामाचा. शिकवायला गावातले गवंडी, शिंपी, सुतार, वाद्य घडवणारे, मोटारी दुरुस्त करणारे. मानधन शिक्षकाइतकं आणि हजेरीपटावर नाव 'गुरुजी' किंवा 'बाई' म्हणूनच, 'मदतनीस' म्हणून नाही. गुण विज्ञानाइतकेच. वेळ कुठून आणायचा? पाठांतरातून. आज यंत्रं निबंध लिहितात, प्रश्नोत्तरं सोडवतात, चित्रंही काढतात. जे यंत्राला जमतं ते मुलांकडून घोकून घेण्यात आठवड्याचे सहाही दिवस घालवायचे, आणि यंत्राकडे जे नाही ते शरीर वर्गाबाहेर ठेवायचं, हे मला समजत नाही. जवारीबद्दल लिहिलेलं सगळं यंत्राने वाचलं असेल. तार बोटाखाली थरथरते तेव्हा काय होतं, ते त्यात नाही.

मिरजेहून परत आणलेला तंबोरा मी गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात नेला, स्थिर तरंगांचा धडा होता म्हणून. तारेखालचा दोरा मुद्दाम काढून ठेवला आणि मुलांना सांगितलं, याची जागा शोधा. वर्गातल्या हुशार मुलांनी आधी मोजपट्टी मागितली. एकाने फोनवर शोधलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ नुसता बघत होता. त्याच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे, सुट्टीच्या दिवशी तो तिथे असतो, आणि माझ्या विषयात तो जेमतेम पास होतो. तो पुढे आला, डाव्या हाताने दोरा अगदी हळू सरकवत राहिला, उजव्या हाताने तार छेडत राहिला. मान खाली, डोळे मिटलेले. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज उघडला आणि सगळा वर्ग गप्प झाला.

"मॅडम, हितं आलं की बोटाला मुंग्या आल्यागत होतंय," तो म्हणाला.

मग प्रत्येकाला तिथे बोट लावून पाहायचं होतं. तास संपेपर्यंत रांग हटली नाही. पुस्तकातली आकृती मी दुसऱ्या दिवशी काढली.